कर्जाचा दर ऐकू नका, पट्टी बघा



कांदा बाजारात नेला की नुसता भाव ऐकून आपण घरी येतो काय? नाही. हमाली, तोलाई वजा जाता हातात काय पडले, ते पट्टीवर बघतो. मोबाईलच्या ॲपवरून कर्ज घेताना मात्र हीच पट्टी बघायची राहून जाते. पेरणी तोंडावर असते, बियाण्याला पैसे हवे असतात, आणि ॲपवर लिहिलेले असते, ‘व्याज महिना फक्त 2 टक्के.’

आता उदाहरणादाखल हिशेब करू. कर्ज 10,000 रुपये, मुदत 30 दिवस. देतानाच कपात अशी : प्रक्रिया शुल्क 800, त्यावर 18 टक्के जीएसटी 144, विमा 156, सभासद शुल्क 100. एकूण 1,200 गेले. खात्यावर आले 8,800. महिन्याने फेडायचे 10,200. म्हणजे 8,800 रुपये महिनाभर वापरायला 1,400 रुपये मोजले. शेकडा जवळजवळ 16 रुपये महिना! वर्षाच्या हिशेबाने सुमारे 194 टक्के. शिवाय जे 1,200 हातात आलेच नाहीत, त्यांवरही व्याज भरले.

यातला विमा, सभासद शुल्क पुष्कळदा ‘ऐच्छिक’ असते. पण चौकटीत खूण आधीच केलेली असते. न वाचता बटण दाबले की आपली संमती धरली जाते. ती खूण काढून टाका. काढल्यावर कर्ज मिळत नसेल, तर तो खर्च ऐच्छिक नव्हेच. व्याजात धरून हिशेब करा.

कर्ज घेण्याआधी एवढे करा :

1) ‘केएफएस’ म्हणजे कर्जाच्या मुख्य बाबींचे पत्रक मागा. ते आपल्याला समजेल अशा भाषेत द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा दर लिहिलेला असतो. त्याला ‘एपीआर’ म्हणतात. तोच खरा दर. पत्रकात नसलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

2) कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोणती, ते बघा. नाव नसेल तर तिथेच थांबा.

3) ‘आधी फी भरा, मग कर्ज मिळेल’ असे कोणी म्हटले, तर एक पैसाही पाठवू नका.

4) फोनमधले नंबर, फोटो बघायची परवानगी देऊ नका. ती मागणे नियमाबाहेर आहे.

5) घेतल्यावर चूक ध्यानात आली, तर किमान एक दिवसाच्या सवलतीच्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून दंडाशिवाय कर्ज परत करता येते. पत्रकात आधी लिहिलेले प्रक्रिया शुल्क मात्र परत मिळेलच असे नाही.

तक्रार आधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी करा. 30 दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला खर्च नाही. माहितीसाठी फोन 14448. ऑनलाईन फसवणूक झाली, तर लगेच 1930 ला कळवा.

आणि पिकासाठी पैसा हवा, तर आधी विकास सोसायटीत किंवा बँकेत किसान क्रेडिट कार्डाची चौकशी करा. 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडले, तर केंद्राच्या सवलतीने व्याज वर्षाला 4 टक्के पडते. एक हेलपाटा जास्त पडेल, पण पट्टी कोरी निघणार नाही.