किती गाळायचं?

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात हॅम रेडिओचा नाद लागलेल्या माणसाला दोन गोष्टी कायम कमी पडतात: अँटेनासाठी जागा आणि कानांसाठी शांतता. सात मेगाहर्ट्झवरच्या, म्हणजे चाळीस मीटर बँडच्या, साध्या डायपोलला सुमारे २० मीटर तार लागते. सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, सोलर पॅनेल आणि डिशच्या छत्र्या चुकवून तेवढी मोकळी रेघ मिळाली तर नशीब. ती मिळते, तार चढते, रिग सुरू होते, आणि हेडफोनमध्ये आधी ऐकू येते ती आपलीच वस्ती. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्ट. त्यात रुळांवरची २५ हजार व्होल्टची ओव्हरहेड वायर. पेंटोग्राफ तिच्यावर घासताना ठिणगी उडाली, की तिची कडकड थेट रिसीव्हरपर्यंत पोचते.

या गदारोळातून हजारो किलोमीटरवरचा मोर्स उचलून देणारा भाग म्हणजे रिसीव्हरमधला फिल्टर. तो कसा निवडावा, यावर हॅम मंडळी तासन् तास बोलू शकतात, आणि त्याला कारण आहे.

तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली, तरी मोर्स संपला नाही. आपल्याकडे हॅम परवान्याच्या दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही. जनरलच्या परीक्षेत मात्र मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने तो घ्यावा आणि पाठवावा लागतो. हॅमच्या बोलीत त्याचं नाव ‘सीडब्ल्यू’. परीक्षा झाल्यावरही पुष्कळ जण तो सोडत नाहीत, कारण त्याला जागा फार थोडी पुरते. एसएसबी या बोलण्याच्या पद्धतीत माणसाचा आवाज समजायला साधारण २,४०० हर्ट्झची पट्टी लागते. मिनिटाला वीस शब्दांचा मोर्स शंभरेक हर्ट्झमध्ये मावतो. मग बाकीचं ऐकायचंच कशाला? पट्टी २,४०० वरून ४००वर आणली, की सगळीकडे सारखा पसरलेला गोंगाट एक षष्ठांश उरतो. समोरच्याने १० वॉटचे ६० केले असते तर जो फायदा झाला असता, तोच इथे एक बटण दाबून होतो.

हे शहाणपण नवं नाही. १९३२ साली अमेरिकन हॅम संघटनेच्या ‘क्यूएसटी’ मासिकात जेम्स लॅम्ब यांनी क्वार्ट्झ क्रिस्टलचा फिल्टर बसवलेला रिसीव्हर मांडला. तोवर प्रत्येक मोर्स स्टेशन डायलवर दोनदा ऐकू यायचं, सूर शून्यावर येतो त्या जागेच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा. क्रिस्टलने पलीकडची बाजू जवळजवळ मिटवली आणि गजबजलेल्या बँडवर निम्मी जागा मोकळी झाली.

तो फिल्टर आजही घरी करता येतो. हैदराबादच्या अशर फरहान यांचा ‘बिटएक्स’ हा ट्रान्सीव्हर सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून बांधता येतो; त्याच्या पहिल्या रूपात १० मेगाहर्ट्झची चार क्रिस्टल शिडीसारखी ओळीने जोडलेली होती. इथला हॅम लोकलने मुंबईला उतरतो, लॅमिंग्टन रोडवरून एकाच लॉटची वीस-पंचवीस स्वस्त क्रिस्टल आणतो आणि घरी निवडायला बसतो. प्रत्येक क्रिस्टल एका ऑसिलेटरमध्ये खोचायचं, काउंटरवरचा आकडा पेन्सिलने लिहायचा, हात लावल्याने आकडा सरकतो म्हणून थोडं थांबायचं. ५०० हर्ट्झचा फिल्टर करायचा तर एकमेकांपासून ५० हर्ट्झच्या आत बसणारीच क्रिस्टल ठेवायची. उरलेली आवाजाच्या फिल्टरला चालतात. मग मधले कपॅसिटर: किंमत वाढवली की पट्टी अरुंद होते.

इथे मोह होतो. पाचशेने एवढा फरक पडतो, तर पन्नास का नको? कारण अरुंद फिल्टर घुमतो. देवळातली घंटा टोला देऊन झाल्यावरही वाजत राहते, तसा. ५०० हर्ट्झचा फिल्टर दोनेक मिलिसेकंदांत शांत होतो, ५० हर्ट्झच्या फिल्टरला त्याच्या दसपट वेळ लागतो. मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने डिट, म्हणजे मोर्समधला टिंब, १५० मिलिसेकंदांचा असतो, तेव्हा हे खपून जातं. तीस शब्दांना डिट ४० मिलिसेकंदांवर येतो. मग एका डिटची शेपटी दुसऱ्यात मिसळते आणि अक्षरं चिकटतात. फिल्टरच्या कडा जितक्या ताठ, तितकं घुमणं जास्त. म्हणून सीडब्ल्यूसाठी गोलसर खांद्यांचा फिल्टर कानाला बरा वाटतो, कागदावर तो कमी धारदार दिसला तरी.

आपल्या पट्ट्यात या घुमण्याला आणखी एक खाद्य मिळतं. जूनच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजांचा कडकडाट, एरवी ठिणग्या. हा गोंगाट एकसारखा पसरलेला नसतो, टोकदार ठोक्यांचा असतो. असा ठोका अरुंद फिल्टरमधून गेला की लांबतो आणि थेट मोर्सच्या सुरात वाजतो. खरा डिट कोणता आणि ठिणगीचा कोणता, हे मग कळेनासं होतं. अशा वेळी पट्टी आणखी आवळण्यापेक्षा थोडी सैल केलेली बरी. ठोका छाटणारा नॉइज ब्लँकरही अरुंद फिल्टरच्या आधीच असावा लागतो. ठोका एकदा लांबला, की ब्लँकरच्या हाती काही उरत नाही.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. ठाणे ते डोंबिवली रेल्वेने जेमतेम १४ किलोमीटर. ठाण्यातल्या दोस्ताने त्याच बँडवर १०० वॉटने की दाबली, तर डोंबिवलीतल्या रिसीव्हरचे पुढचे टप्पे गुदमरतात, आणि मागे डीएसपीमध्ये, म्हणजे सिग्नलवर आकड्यांनी काम करणाऱ्या चिपमध्ये, कितीही सुबक फिल्टर असला तरी फार उशीर झालेला असतो. त्यासाठी पुढेच, मिक्सरलगत बसणारा रूफिंग फिल्टर हवा. जिथे आसपास कोणी हॅम नाही, तिथे त्यावर पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही.

निवड अशी परिस्थितीवर ठरते. कोण आहे ते हुडकताना पट्टी २,४०० वर उघडी ठेवावी. स्टेशन सापडलं की ५००. लगतच कोणी बसलं, तर २५०. पण अडीचशेवर बसणाऱ्याने आपला सूर, समजा ६०० हर्ट्झचा, फिल्टरच्या मध्याशी नेमका जुळवायला हवा. समोरचाही अरुंद फिल्टर लावून बसलेला असेल आणि आपण तीनशे हर्ट्झ बाजूला हाक मारत असू, तर त्याच्या लेखी आपण नसतोच. अडीचशेच्या खाली उतरायची गरज क्वचितच पडते, कारण सहाशेच्या सुराभोवती माणसाचा कान स्वतःच सुमारे शंभर हर्ट्झची पट्टी वेगळी काढतो. सराव झालेला ऑपरेटर ५०० हर्ट्झमध्ये तीन स्टेशनं एकदम ऐकून हवं ते निवडतो.

नव्या परवानाधारकाने म्हणून पहिला फिल्टर ५००चा घ्यावा. दुसरा मागवण्याआधी रिग बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच खाली ओढावा आणि ऐकावं. गोंगाट निम्म्याने उतरला, तर फिल्टरचे पैसे वाचले; आता एकेक एमसीबी चढवत आपल्याच घरातला गुन्हेगार शोधायचा.