काळ्या पैशाला कराची पावती

सोन्याच्या तस्करीसाठी निघालेल्या माणसाच्या नोटा जप्त झाल्या, तर तो तोटा त्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा व्हावा काय? प्रश्न थट्टेचा वाटेल. पण सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये त्याचे उत्तर होकारार्थी दिले होते. १९५८ साली पाकिस्तानच्या सीमेवर पकडलेल्या एका इसमाकडे ६५ हजार ५०० रुपये सापडले. तस्करी हाच त्याचा धंदा मानून कर आकारायचा असेल, तर त्या धंद्यातील तोटाही धरावा लागेल, असा न्यायालयाचा तर्क होता. २०२३ मध्ये मात्र तस्करीच्या जप्त चांदीचा तोटा वजा करण्यास याच न्यायालयाने नकार दिला.

प्राप्तिकर कायदा उत्पन्नाची नीती तपासत नाही. ती तपासली असती, तर सचोटीने कमावणाऱ्याने कर भरायचा आणि चोराला माफी, असा उफराटा न्याय झाला असता. अमेरिकेत बेकायदा दारूविक्रीचा नफाही करपात्र असल्याचा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये दिला आणि १९३१ मध्ये शिकागोचा कुख्यात टोळीप्रमुख अल कपोन अखेर करचुकवेगिरीच्याच गुन्ह्यात अडकला.

कपोनने कर चुकवला. आजचा चाणाक्ष गुन्हेगार तो खुशीने भरतो, हीच खरी अडचण आहे. लाचेची वा खंडणीची रोकड एखाद्या उपाहारगृहाच्या गल्ल्यात रोजची विक्री म्हणून जमा दाखवायची, तिच्यावर रीतसर कर भरायचा आणि उरलेली रक्कम उजळ माथ्याने वापरायची. कर ही मग केवळ धुलाईची मजुरी ठरते. स्रोत सांगता न येणाऱ्या उत्पन्नावरील कर २०१६ मध्ये अधिभार व उपकरासह ७७.२५ टक्क्यांवर नेण्यात आला. पण खोटा का होईना, स्रोत पटवून देणाऱ्याला नेहमीचाच दर लागतो. शेतीचे उत्पन्न दाखवले तर तोही नाही!

अर्थात, कर भरल्याने पाप धुतले जाते असे नाही. जयललिता व इतरांविरुद्धच्या बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे स्पष्ट केले. विवरणपत्र आणि कर आकारणीचा आदेश एवढ्यावरून उत्पन्नाचा स्रोत कायदेशीर ठरत नाही, असे त्या निकालात म्हटले आहे.

पैशाच्या उगमापर्यंत जाण्यासाठी मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ मध्ये संमत झाला आणि २००५ पासून लागू झाला. मात्र त्यासाठी लाच, फसवणूक यांसारखा परिशिष्टातील मूळ गुन्हा असावा लागतो. प्राप्तिकर कायद्याखालील करचुकवेगिरी त्या परिशिष्टात नाही. शिवाय मूळ गुन्ह्यातून आरोपी निर्दोष सुटला, तर लाँडरिंगचा आरोपही टिकत नाही, असा निर्वाळा २०२२ मध्ये देण्यात आला. परिणामी, प्राप्तिकर अधिकाऱ्याच्या हाती आकडे असले, तरी मूळ गुन्हा नोंदला जाईपर्यंत अंमलबजावणी संचालनालयाला हालचाल करता येत नाही. दहा लाखांवरील रोख व्यवहारांची माहिती बँकांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवावी लागते. पण ज्या उपाहारगृहाचा भरणा रोजच रोखीने होतो आणि कर वेळेवर जमा होतो, त्याच्या नोंदीपाशी कोण थबकणार?