चर्चमधली जुनी स्तोत्रं गायकवृंदाच्या आवाजात कशी शोधाल?

‘अबाइड विथ मी’ हे गांधीजींचं आवडतं स्तोत्र. ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्यात वाजणारी त्याची धून २०२२ मध्ये वगळण्यात आली. पण हे मुळात चर्चमध्ये सर्वांनी मिळून गायचं स्तोत्र. तसं ऐकायचं असेल तर नुसतं नाव शोधणं पुरेसं नाही. बँड आणि एकल गायनही समोर येतं.

प्रोटेस्टंट स्तोत्रांत शब्द आणि चाल वेगवेगळ्या मानल्या जातात. इथे शब्द हेन्री लाइट यांचे, १८४७ चे. प्रचलित चाल विल्यम मंक यांची, १८६१ ची. तिचं स्वतंत्र नाव आहे ‘इव्हनटाइड’. म्हणून शोधताना स्तोत्राची पहिली ओळ, चालीचं नाव आणि ‘क्वायर’ हा शब्द इंग्रजीत एकत्र टाका. ‘किंग्ज कॉलेज, केंब्रिज’सारख्या गायकवृंदाचं नाव जोडलं, तर शोध आणखी नेमका होतो.