सदऱ्यातली साखर

रसायनशास्त्र मी कॉलेजात शिकलो नाही; ते मला एका सदऱ्याने शिकविले. बॅटऱ्या बनविणाऱ्या एका कारखान्यात कामगारांच्या सुती गणवेशांची दोन महिन्यांत चाळण होई. कामगार कपडे जपत नाहीत, असे व्यवस्थापकांचे म्हणणे. त्यांना उत्तर देण्यासाठी मी वाचनालय गाठले. तिथे कळले की, भोकाच्या जागी कापड नुसते जळालेले नसते. त्याची साखर होऊ लागलेली असते!

कापूस म्हणजे बहुतांशी सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो मणी एका माळेत ओवावेत, तशी त्याची घडण. दोन मण्यांमधला दुवा तुटायचा तर तिथे पाण्याचा एक रेणू शिरावा लागतो. एकट्या पाण्याला ते सहसा साधत नाही. गंधकाम्ल त्याला वाट करून देते, आणि स्वतः मात्र खर्च होत नाही. म्हणून तर एवढ्याशा थेंबाने एवढे भोक! हिशेबही चोख आहे: ९० किलो सेल्युलोज अधिक १० किलो पाणी, म्हणजे १०० किलो ग्लुकोज. आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने १८१९ साली लिननच्या चिंध्या गंधकाम्लात विरघळवून अशी साखर काढून दाखविली होती.

मग पेंढ्याची साखर करणे इतके अवघड का? भाताच्या दाण्यातला स्टार्चही ग्लुकोजचाच. पण त्यातले दुवे वेगळ्या वळणाचे, ते आपल्या पोटात तुटतात. सेल्युलोजच्या माळा सरळ, एकमेकींना घट्ट बिलगलेल्या. गाईलाही त्या पचतात त्या तिच्या पोटातल्या जंतूंच्या कृपेने. शिवाय पेंढ्यात या माळांभोवती हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचे लिंपण असते. आम्ल व वाफ यांनी ते सैल करावे, तर आच जास्त झाल्यास तयार साखरच मोडून फुरफुराल होते. ते यीस्टला विष. आमच्या घरी गुळाचा पाक करपला की आई ओरडे, ते आठवते.

पुढचे काम हल्ली विकरांवर सोपवितात. ते पुरविणारी बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याच्या सुती तंबूंवर सापडली. तंबू खाणारी ही बया शास्त्रज्ञांनी सांभाळून ठेवली. एल्विन रीझ यांच्या नावावरून ती ट्रायकोडर्मा रीझी झाली.

पानिपतला १० ऑगस्ट २०२२ रोजी इंडियन ऑइलच्या अशा कारखान्याचे उद्घाटन झाले. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल काढावे, अशी त्याची योजना. जो पेंढा शेतकरी शेतातच पेटवून देत, त्याला गिऱ्हाईक आले, हे चांगलेच. पण तो गोळा करून बांधणाऱ्याच्या हाती काय पडते, हे मी विचारणारच. माझा धंदाच तो.

आणि गणवेश? पॉलिएस्टरमध्ये या माळा नसतात, त्यामुळे सौम्य आम्ल त्याला सहसा बाधत नाही. आम्ही तशी मागणी केली. पुढच्या करारात पॉलिएस्टरचे दोन जोड आणि रबरी एप्रन मिळाले. उन्हाळ्यात फार उकडते, अशी तक्रार आता माझ्याकडे येते.