टीबी बरा झाला, मग खोकल्यातून रक्त का?

टीबीचा कोर्स पूर्ण झाला, थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि वर्ष-दोन वर्षांनी खोकल्यातून रक्त पडू लागले, की घरचे म्हणतात, टीबी उलटला. तसे असूही शकते. पण टीबीने फुफ्फुसात पाडलेल्या पोकळीत बुरशी वाढली तरी रक्त पडते. तिचे नाव ॲस्परजिलस. एक्स-रेत कधी कधी तिचा गोळाच दिसतो.

ही बुरशी दूरची नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडे पावसाने भिजलेली धानाची तणस हलवली की धूळ उडते, त्या धुळीत तिचे बीजाणू असतात. एका मिलिमीटरात तीनशेहून जास्त मावतील इतके बारीक. ते आपण सगळेच रोज श्वासात घेतो. मग सगळे आजारी का पडत नाहीत?

1982 साली अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून याचे उत्तर शोधले. फुफ्फुसात दोन पहारे असतात. मॅक्रोफेज नावाच्या पेशी बीजाणूला गिळून मारतात. त्यातून निसटलेला बीजाणू रुजला की त्याला लांब तंतू फुटतात. त्यांच्यावर रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी तुटून पडतात. उंदरांना कॉर्टिसोन दिल्यावर मात्र पहिला पहारा ढिला पडला आणि बीजाणू रुजले.

कॉर्टिसोन म्हणजे स्टेरॉइड. गावोगाव फिरणारे बोगस डॉक्टर पुडीत जी 'ताकदीची गोळी' देतात, ती पुष्कळदा हीच असते. भूक लागते, अंगदुखी थांबते, लोक म्हणतात गुण आला. 2021 साली कोरोनानंतर काळ्या बुरशीने महाराष्ट्रात किती जणांचे डोळे आणि जबडे गेले, हे आपण पाहिले. ती बुरशी वेगळी, पण वाढलेली साखर आणि भरमसाट स्टेरॉइड यांनी तिलाही वाट करून दिली. म्हणून बिननावाच्या पुडीतली गोळी घेऊच नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. दम्याला किंवा कुष्ठरोगाच्या रिॲक्शनला डॉक्टरांनी लिहून दिलेले स्टेरॉइड मात्र मनाने बंद करू नये. एकदम सोडणेही धोक्याचे असते.

खोकल्यातून रक्त पडले तर टीबीच्या जुन्या कागदांसह सरकारी दवाखान्यात जावे. थुंकी पुन्हा तपासून घ्यावी. त्यात टीबी निघाला नाही तर ॲस्परजिलसच्या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे. रक्त जास्त पडत असेल तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा.

बुरशीवरचे इट्राकोनॅझोल बहुधा सहा महिने किंवा जास्त घ्यावे लागते. त्याच्या कॅप्सूल जेवणानंतर घेतात. ॲसिडिटीच्या गोळीने त्यांचा असर कमी होतो आणि टीबीच्या रिफॅम्पिसिनने तर जवळजवळ उरतच नाही. तेव्हा घरात चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवावी, पुडीतलीसुद्धा.