कमरेपर्यंत पाणी

बिळात शिरून बॅजरला गाठायचे, या कामासाठी जर्मनीतल्या शिकाऱ्यांनी डॅशहाउंड घडवला. आखूड पाय, लांबट धड आणि अंगाच्या मानाने फार मोठी हिंमत. त्या आखूड पायांची किंमत मात्र पाठ मोजते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले, की एफजीएफ-४ या जनुकाची एक जादा प्रत बाराव्या गुणसूत्रावर असली, की कुत्र्याचे पाय तर आखूड राहतातच, शिवाय मणक्यांमधल्या चकत्याही अकाली झिजतात. चकतीचा जेलीसारखा गाभा वाळतो, त्यात कॅल्शियम साठते आणि एखाद्या दिवशी सोफ्यावरून उडी मारल्याचे निमित्त होऊन तो फुटून थेट मज्जारज्जूवर आदळतो. सकाळी धावणारा कुत्रा संध्याकाळी मागचे पाय फरफटत असतो.

शल्यविशारद मणक्याच्या हाडात बाजूने खिडकी पाडून तो कचरा उपसतात. मज्जारज्जूवरचा दाब जातो, पण चालणे लगेच परत येत नाही. इथे पाण्यातल्या ट्रेडमिलची काचेची पेटी कामी येते.

पेटी म्हणजे पारदर्शक भिंतींची टाकी, तळाशी फिरणारा पट्टा. माणसांच्या आणि घोड्यांच्या उपचारांत हे यंत्र आधीपासून होते. कुत्र्यांकडे ते नंतर आले. कुत्रा कोरड्या पट्ट्यावर चालत येतो किंवा त्याला उचलून आत ठेवतात, दार बंद होते आणि खालून कोमट पाणी चढू लागते. बुडण्याची भीती नाही, उडी नाही. पाणी किती चढवायचे, यातच सगळे कसब. कुत्र्यांवर केलेल्या मोजमापांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाणी घोट्यापर्यंत असताना पायांवर शरीराच्या वजनाचा सुमारे ९१ टक्के भार राहिला, गुडघ्यापर्यंत असताना ८५ टक्के, आणि खुब्यापर्यंत चढल्यावर जेमतेम ३८ टक्के. गुडघ्यापासून खुब्यापर्यंतच्या त्या थोड्याशा उंचीत उरलेल्या भारापैकी निम्म्याहून जास्त ओझे उतरते. स्वतःचे वजन न पेलणाऱ्या पायांना ही सवलत जमिनीवर कोणी देऊ शकत नाही. पाय सावरू लागले की पाण्याची पातळी हळूहळू खाली आणायची, म्हणजे वजन त्यांच्या हवाली करायचे.

मग सरळ पोहायलाच का सोडू नये? कारण पोहताना बहुतेक कुत्री पुढच्याच पायांनी काम भागवतात, मागचे पाय नुसते तरंगतात, आणि धडपडीत पाठ पिळवटते. पट्ट्यावर मात्र पाऊल टेकावेच लागते. तळव्याला पट्टा जाणवतो, पाय मागे ओढला जातो, पुन्हा पुढे येतो, आणि ही आवर्तने मज्जारज्जूतल्या चालीच्या जाळ्याला पुन्हा पुन्हा जागवतात.

यंत्र चालू झाले म्हणजे काम झाले नाही. थेरपिस्ट अनेकदा पाण्यात कुत्र्यामागे गुडघे टेकून बसते. पंजा उलटा पडला, बोटांच्या पाठीवर टेकला, की ती तो सरळ करून ठेवते. कंबर एका बाजूला झुकली की सावरते. सुरुवातीला चालणे मिनिटा-दोन मिनिटांचे, मध्ये विश्रांती. दमलेला कुत्रा चुकीची चाल शिकतो, म्हणून थांबायचे कधी हे तिला कळावे लागते. माझ्या मते दवाखान्यात यंत्रापेक्षा आधी तिचीच चौकशी करावी. बरेच चिकित्सक जखम भरेपर्यंत आणि टाके निघेपर्यंत पाण्यात घेत नाहीत. शी-शूवर ताबा नसेल किंवा त्वचेला संसर्ग असेल, तरी थांबावे लागते.

आता महत्त्वाची गोष्ट. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात चकती फुटून शस्त्रक्रिया झालेल्या तीस कुत्र्यांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यागत करण्यात आली. काहींना मालिश, सांध्यांची हालचाल, आधाराने उभे करणे एवढेच. बाकीच्यांना सखोल फिजिओथेरपी, तीत पाण्यातला ट्रेडमिलही. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: सखोल उपचार सुरक्षित होते, पण त्यांच्यामुळे चालणे लवकर किंवा अधिक चांगले परत आले असे दिसले नाही. ही सगळी कुत्री मज्जारज्जू अर्धवट दुखावलेली, वेदना जाणवणारी होती. बोटाला चिमटा काढल्यावर जे कुत्रे वळून पाहते किंवा केकाटते, त्याची शस्त्रक्रियेनंतर चालण्याची शक्यता मुळातच खूप चांगली असते. नुसता पाय आखडला तर ती प्रतिक्षिप्त क्रिया, वेदनेची खूण नव्हे. जाणीवच गेलेल्या कुत्र्यांचा मार्ग लांब आणि अनिश्चित असतो, आणि त्यांच्याबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही.

या निष्कर्षामुळे मला ही पेटी कमी मोलाची वाटत नाही. स्नायू टिकवणे, लठ्ठ कुत्र्याला पाठीला धक्का न देता हलते ठेवणे, तोल परत शिकवणे ही तिची कामे खरीच आहेत. पण ज्या घराला ती परवडत नाही, किंवा ज्यांच्या गावात ती नाहीच, त्यांनी आपण कुत्र्याला दगा दिला असे मानून रडू नये. पोटाखालून टॉवेलची झोळी धरून दिवसातून काही वेळा उभे करणे, घसरत्या फरशीवर सतरंजी अंथरणे, लघवी स्वतः होत नसेल तर मूत्राशय दाबून रिकामे करायला डॉक्टरांकडून नीट शिकून घेणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि सांगितलेले आठवडे उड्या बंद ठेवणे, एवढे घरीही करता येते. तीस कुत्र्यांच्या त्या अभ्यासात साध्या उपचारांवर राहिलेली कुत्रीही मागे पडली नव्हती.