चाड्यावरची मूठ

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात तिफणीनं रब्बीची ज्वारी पेरायची म्हणजे एकराला तीन किलोमीटरची चाल. तीन फण, दोन काकऱ्यांत दीड फुटाचं अंतर, म्हणून एका फेरीत साडेचार फुटांचा पट्टा पेरून होतो. तेवढ्या चालीत चार किलो बी मातीत जायला हवं. मालदांडी या ज्वारीच्या वाणाचे हजार दाणे भरतात पस्तीसेक ग्रॅम. बैलांची चाल धरून हिशेब मांडला, तर चाड्यावर धरलेल्या मुठीतून सेकंदाला पंचवीसेक दाणे सुटतात, आणि ते तिन्ही नळ्यांत सारखे वाटले जावे लागतात.

याच तालुक्यात वाढलेली एक शेतकऱ्याची लेक सहावी-सातवीत असताना ही मूठ धरायला शिकली. आता ती पुण्यात नोकरी करते, वडील जाऊन काही वर्षं झाली. आबा कसे होते असं कुणी विचारलं, की बोलण्याआधी तिचा उजवा हात पुढं येतो. अंगठा तर्जनीवर घासत ती दाखवते, बी असं सोडायचं.

चाडं म्हणजे लाकडी वाटी. तिच्या तळाला तीन भोकं, प्रत्येक भोकात बांबूचा पोकळ नळा, आणि नळ्याचं खालचं टोक फणाच्या मागं उघडलेलं. फण माती चिरतो, मागोमाग दाणा पडतो. रुमण्यावर दाब देऊन खोली राखायची आणि बैल हाकायचे हे आबांचं काम. चाड्यावर आईची मूठ असे. या भागात मूठ बहुधा बायकांचीच. आई बाळंतपणाला माहेरी गेली त्या वर्षी कमरेला बियाची ओटी बांधून लेक चाड्याशी उभी राहिली.

पेरणी मात्र आबा म्हणतील तेव्हाच. पंधरा सप्टेंबर ते पंधरा ऑक्टोबर हा या ज्वारीचा काळ, म्हणजे उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचे दिवस. त्यातही वाफसा यावा लागतो. आबा वीतभर खालची माती उकरून तिचा लाडू वळत आणि कमरेच्या उंचीवरून सोडत. लाडू चिकटून राहिला तर तिफण पुन्हा गोठ्याला. फुटून मोकळा झाला तर लगेच जू. इथं पीक पुढच्या पावसाच्या भरवशावर नसतं. काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर ते पोसतं. ओल्या रानात घाई केली तर फण माती चोपतो, उशीर केला तर ओल खाली जाते आणि दाणा कोरड्यात पडतो. शेजारच्यांनी पेरलं म्हणून आबांनी कधी तिफण काढली नाही. घरात यावरून बोलणं होई, आबा ऐकून घेत आणि पुन्हा रानात जाऊन माती बघत.

मूठ शिकवताना ते फार बोलले नाहीत. “तू चाड्याकडं बघ, बैलांकडं मी बघतो,” एवढंच. सुरुवातीला लेकीचा हात अडखळे, कधी एकाच भोकात बी जाई. मग पुढं एक गोष्ट तिच्या लक्षात आली. आईची मूठ असताना बैल चालत त्यापेक्षा आता ते हळू चालत होते. आबांनी कासरा आखडून धरला होता. तिच्या लहान बोटांतून जेवढं बी सुटेल, तेवढीच बैलांची चाल. दिवस मावळेपर्यंत रान उरकायचं असतानाही त्यांनी ती वाढवली नाही. तिचा हात बसला, तसा कासरा सैल होत गेला. वडिलांच्या प्रेमाचं याहून मोठं उदाहरण तिला आजवर सापडलेलं नाही.

पेरणीची परीक्षा आठवड्याभरात होते. कोंब वर आले की मुठीची प्रत्येक चूक रानात मांडलेली दिसते: इथं दाट, तिथं नांगी. सगळ्यात वाईट म्हणजे ओल्या मातीनं नळ्याचं तोंड बुजणं. वर बी पडत राहतं आणि खाली अख्खी काकरी मोकळी जाते, हंगामभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत राहते. आबांचा कान नळ्यांकडं असे. तीन नळ्यांतली बारीक सळसळ दोनावर आली की बैल उभे राहत आणि तुरकाठीनं नळा मोकळा होई.

बी घरचंच. पीक उभं असताना आबा ताटं हेरून ठेवत, भरदार कणसं वेगळी खुडत आणि दाणे कडुलिंबाच्या पाल्यात ठेवत. पेरण्याआधी काणी पडू नये म्हणून गंधक चोळत. १९७२च्या दुष्काळात तरुण वयात त्यांनी खडी फोडली होती, रेशनवरची लाल मिलो खाल्ली होती. दुष्काळात दामाजीपंतांनी कोठारं उघडल्याची कथा ज्या गावाची, त्या मंगळवेढ्याच्या शिवारात बाहेरची ज्वारी खावी लागली, हे ते विसरले नाहीत. चाड्याबाहेर सांडलेला दाणा लेक उचलायची, ती कुणाच्या धाकानं नव्हे. ते स्वतः वाकून उचलत, म्हणून.

रानाच्या कडेनं करडई असे, काट्यांमुळं जनावर आत शिरत नाही. पुढं हुरडा, काढणी, खळं यांच्याही आठवणी आहेत, पण लेक त्या भराभर सांगते आणि पुन्हा पेरणीवर येते.

२०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. आता रान धाकटा भाऊ बघतो, आई बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा जन्मलेला तोच. बैल गेले, ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र आलं. ते पहिल्यांदा दारात आलं तेव्हा बहीण सुट्टीला गावी होती. भावानं यंत्राचं चाक उचलून हातानं फिरवलं, नळ्यांखाली पिशव्या बांधल्या आणि पडलेलं बी काट्यावर तोललं. एकरी किती ठेवायचं यावर दोघांचं बोलणं झालं. कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी दहा किलोची, म्हणजे एकरी चारच. दुकानदारानं थोडं जास्त सोडा म्हणून सांगितलं होतं.

“ताई, आबांची ओटी एकराला किती लागायची?”

“चार किलो.”

भावानं खटका दोन घरं मागं घेतला आणि पिशव्या पुन्हा बांधल्या.